एक्स्टर्नल नेमका काय तपासतो?

नोव्हेंबरात माझ्या भाच्याचा मेसेज आला. तो इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एम. एस्सी. करत होता. कोर्सच्या शेवटी लिहायचा प्रबंध, म्हणजे डिझर्टेशन, देऊन झालं होतं आणि त्या दिवशी निकाल लागला होता. "मावशी, डिझर्टेशनला ६८ पडले. एकूण ६९. डिस्टिंक्शन एका मार्कानं गेली. तू दुसऱ्या विद्यापीठाची एक्स्टर्नल आहेस ना? मग आमच्या एक्स्टर्नलना सांगून माझं डिझर्टेशन पुन्हा तपासून घेता येईल का?"

उत्तर 'नाही' असं होतं. पण नुसतं 'नाही' लिहून पाठवणं मला जिवावर आलं. वर्षभर कर्जाचा हप्ता डोक्यात ठेवून, आठवड्यातून वीस तास दुकानात उभं राहून त्यानं अभ्यास केला होता. त्याला खरं कारण कळायला हवं होतं. दरवर्षी महाराष्ट्रातून इतकी मुलं ब्रिटनला शिकायला येतात, पण त्यांचे गुण कोण ठरवतं, कुठल्या खोलीत ठरवतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे नीट मांडते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे 'एक्स्टर्नल' म्हटलं की प्रॅक्टिकलची परीक्षा आठवते. दुसऱ्या कॉलेजातून आलेले सर, समोर आपलं जर्नल, शेजारी आपल्या कॉलेजचे इंटर्नल, आणि व्हायव्हाला पहिलाच प्रश्न असा की घशाला कोरड. तो एक्स्टर्नल आपल्याला समोरासमोर पाहतो, प्रश्न विचारतो, गुण देतो. ब्रिटनमध्ये पीएच. डी.च्या व्हायव्हाला येणारा बाह्य परीक्षक साधारण असाच असतो. पण बी. ए., बी. एस्सी., एम. एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांचा बाह्य परीक्षक सहसा कुणालाही गुण देत नाही. विद्यार्थ्याची आणि त्याची परीक्षक म्हणून गाठ पडत नाही. नावही त्याला बहुतेक वेळा दिसत नाही, दिसतो तो फक्त क्रमांक.

मग तो करतो काय? बाजारात वजनमापं तपासणारे निरीक्षक येतात ते आठवा. ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीतले कांदे पुन्हा तोलत नाहीत. ते दुकानदाराचा काटा तपासतात, वजनांवरचा शिक्का पाहतात, एक-दोन मापं घालून बघतात. काटा खोटा निघाला तर त्या काट्यावर तोललेला सगळाच माल संशयात येतो. बाह्य परीक्षकाचं काम हे काटा तपासण्याचं काम आहे. माझ्या भाच्याला हवं होतं ते त्याच्या एकट्याच्या पिशवीचं पुन्हा वजन.

ही पद्धत का पडली हे कळलं की पुढचं सोपं जातं. १८३२ साली डरॅम विद्यापीठ स्थापन झालं. इंग्लंडात तोवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठं. नव्या विद्यापीठाच्या पदवीला कोण विचारणार? म्हणून डरॅमनं ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावले. आमची पदवी तुमच्याइतकीच कसाची आहे हे तुम्हीच येऊन पाहा, असा त्याचा अर्थ. पुढे १८८० मध्ये मँचेस्टरला व्हिक्टोरिया विद्यापीठ निघालं, तेव्हा बाहेरचे परीक्षक असलेच पाहिजेत ही अट त्याच्या सनदेतच आली. हळूहळू सगळीकडे हा रिवाज झाला.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून आली. १८३६ चं लंडन विद्यापीठ हे मुळात परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं त्याच नमुन्यावर निघाली. १८६२ मध्ये न्या. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईच्या बी. ए.च्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले तेव्हा त्यांना शिकवणारं कॉलेज आणि परीक्षा घेणारं विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आजही आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेत पेपर काढणारा एक, शिकवणारा दुसरा, कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणी केंद्रात, बसून तपासणारा तिसराच. ब्रिटनमध्ये या तिन्ही जागी एकच माणूस असतो. जी बाई वर्गात शिकवते तीच प्रश्नपत्रिका काढते आणि तीच तपासते. त्याचा फायदा मोठा आहे. जे शिकवलं त्याचीच परीक्षा होते, गाईड पाठ करून भागत नाही. पण धोकाही तेवढाच मोठा. आपलीच मुलं, आपलाच पेपर, आपलेच गुण. मग हात सैल सुटला किंवा उगाच आवळला गेला तर सांगणार कोण? त्यासाठी हा बाहेरचा माणूस.

तो खरोखर बाहेरचा राहावा म्हणून नेमणुकीचे नियम कडक असतात. मुदत साधारण चार वर्षांची, फार तर एखाद्या वर्षाची वाढ. एका वेळी दोनपेक्षा जास्त ठिकाणी हे काम घ्यायचं नाही. त्या विद्यापीठात पूर्वी शिकलेलं किंवा नोकरी केलेली असेल तर मधे पाच वर्षं जावी लागतात. तिथल्या कुणाबरोबर जवळचं संशोधन चालू असेल, कुणी नात्यातलं असेल, तरी नेमणूक होत नाही. आणि माझ्या विभागातली बाई तुमची परीक्षक, तुमच्या विभागातले गृहस्थ आमचे, अशी अदलाबदल चालत नाही. उंटाच्या लग्नात गाढवानं गावं आणि दोघांनी 'अहो रूपम् अहो ध्वनिः' म्हणत एकमेकांची स्तुती करावी, हे टाळण्यासाठीच तो नियम आहे. मानधन वर्षाला काही शे पौंड, म्हणजे पैशासाठी हे काम कुणी करत नाही. दुसऱ्याचं घर आतून पाहायला मिळतं आणि आपल्या घरी काय चुकतंय ते उमगतं, हा खरा मोबदला.

आता गुण कसे पडतात ते पाहू. समजा एका मॉड्यूलला, म्हणजे कोर्समधल्या एका विषयाला, १२० मुलं आहेत. निबंध जमा झाले. शक्यतो नावं झाकलेली असतात. पहिला परीक्षक सगळे तपासतो, गुण देतो, शेरा लिहितो. मग दुसरा परीक्षक त्यातले काही निवडून पाहतो. याला तिकडेही मॉडरेशनच म्हणतात. किती पाहायचे याचा नियम विद्यापीठागणिक वेगळा, पण नापास झालेले, अगदी वरचे आणि सीमारेषेवरचे निबंध त्यात हमखास असतात. डिझर्टेशनसारखं मोठं काम असेल तर बहुतेक ठिकाणी दोघंही पूर्ण वाचतात, कित्येकदा एकमेकांचे गुण न पाहता, आणि मग बसून एक आकडा ठरवतात. पटलंच नाही तर तिसरा. हे सगळं विभागाच्या आत होतं. माझ्या भाच्याचं डिझर्टेशन 'पुन्हा' तपासायची गरज नव्हती. ते आधीच दोघांनी वाचलं होतं.

त्यानंतर माझ्यासारखीकडे गठ्ठा येतो. पूर्वी टपालानं यायचा, आता संगणकावर उघडून दिला जातो. गठ्ठ्यात निवडक उत्तरं, त्यांवरचे शेरे, मॉडरेशन करणाऱ्याची टिपणं आणि पूर्ण वर्गाच्या गुणांची आकडेवारी. प्रश्नपत्रिका तर परीक्षेच्या कितीतरी आधीच नजरेखालून गेलेली असते. 'हा प्रश्न दोन अर्थांनी वाचता येतो', 'गेल्या वर्षीचाच प्रश्न फिरवून आलाय', 'दोन तासांत एवढं लिहून होणार नाही', असं मी कळवते आणि बहुतेक वेळा ते ऐकलं जातं.

गठ्ठा वाचताना माझ्यासमोर एकच प्रश्न असतो: हाच निबंध माझ्या विद्यापीठात लिहिला असता तर जवळपास हेच गुण पडले असते का? ५२ वाला निबंध ६३ वाल्यापेक्षा खरंच कच्चा आहे का? शेऱ्यात 'उत्कृष्ट विश्लेषण' लिहिलंय आणि गुण ५५ दिलेत, असं तर नाही ना? एका मॉड्यूलची सरासरी ५७ आणि त्याच मुलांची दुसऱ्याची ६८ असेल तर मी कारण विचारते. कधी कारण रास्त असतं, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये गटानं करायचा प्रकल्प असतो आणि त्यात गुण वर जातात. कधी कारण नसतं आणि विभागाला ते आधीच कळलेलं असतं, फक्त बोलायला बाहेरचं कुणी हवं असतं.

समजा, मला एका निबंधाचे ६२ गुण कमी वाटले. मी ते ६५ करू शकत नाही. पहिल्यांदा हे काम घेतलं तेव्हा मलाही हा नियम खुपला होता. पण विचार करा, माझ्यासमोर १२० पैकी पंधरा निबंध आहेत. त्या पंधरांपैकी एकाचे गुण मी वाढवले तर माझ्यापर्यंत न पोचलेल्या एकशे पाच मुलांचं काय? त्यांच्यातही कुणाला तीन गुण कमी पडले असतील. केवळ गठ्ठ्यात आला म्हणून एकाला फायदा देणं हा उरलेल्यांवर अन्याय आहे. म्हणून मी म्हणू शकते ते एवढंच: या मॉड्यूलचं मार्किंग सरसकट कडक वाटतं, सगळे निबंध पुन्हा पाहा, किंवा सगळ्यांचे गुण एका सूत्रानं वर घ्या. एकाचं नाही, सगळ्यांचं.

मधेच गुणांच्या पट्टीबद्दल बोलायला हवं, कारण आपल्या घरांतली अर्धी काळजी तिथून सुरू होते. मुलानं ६५ गुण सांगितले की इकडे आई-बाबांचे चेहरे उतरतात. आपल्याकडे दहावीला नव्वदीची सवय. ब्रिटनमध्ये बी. ए.ला ४० ला पास, ५० ते ५९ म्हणजे सेकंड क्लासचा खालचा विभाग, ६० ते ६९ वरचा, आणि ७० च्या पुढे फर्स्ट. मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. शंभरपैकी शंभर ही कल्पना निबंधाच्या विषयांत जवळजवळ नाहीच. ८५ पडले तर विभागात त्या निबंधाची चर्चा होते. तेव्हा ६५ म्हणजे चांगलं, मनापासून केलेलं काम.

त्यातही एक बारकावा आहे. कित्येक विभागांत प्रत्येक दशकातले ठरावीकच आकडे वापरतात: ६२, ६५, ६८, मग ७२. परीक्षक आधी ठरवतो की हे काम कुठल्या वर्गातलं, मग त्या वर्गात ते तळाशी, मधे की वरच्या टोकाला. ६९ मुद्दाम टाळतात, कारण त्यातून मुलाला 'एका मार्कानं हुकलं' असं उगाच वाटतं. भाच्याचे ६८ म्हणजे 'सत्तरला दोन कमी' असं नव्हतं. दोन परीक्षकांनी वाचून म्हटलं होतं की हे मेरिटच्या वरच्या टोकाचं काम आहे, डिस्टिंक्शनचं नाही. वर्णनात्मक निकष लिहिलेले असतात, आणि सत्तरच्या पुढे जायला बहुतेक ठिकाणी स्वतःचा वेगळा विचार दिसावा लागतो. हे ऐकून त्याला बरं वाटलं नाही. पण आकड्यामागे वाक्य असतं हे त्याला पहिल्यांदा कळलं.

आता बोर्ड. हा शब्द ऐकला की आपल्याला दहावी-बारावीचं बोर्ड आठवतं. इथे बोर्ड म्हणजे बैठक. परीक्षा मंडळाची बैठक, साधारण जूनमध्ये एक, आणि मास्टर्सच्या डिझर्टेशनसाठी शरदात आणखी एक. बहुतेक विद्यापीठांत दोन पायऱ्या असतात. पहिल्या बैठकीत मॉड्यूलचे गुण नक्की होतात. तिथे माणसं नाहीत, विषय असतात: सरासरी काय, नापास किती, परीक्षेच्या दिवशी काही गोंधळ झाला का, एक्स्टर्नलचं म्हणणं काय. दुसऱ्या बैठकीत एकेका विद्यार्थ्याची ओळ पुढे येते आणि कोण पुढच्या वर्षात गेला, कुणाला कुठली पदवी हे ठरतं. अध्यक्ष असतात, सचिव असतात, शिकवणारे असतात, एक्स्टर्नल असतो. जे ठरलं ते इतिवृत्तात जातं आणि बाहेर बोलायचं नाही.

अशा खोलीत बसल्यावर सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. पडद्यावर तक्ता, आडव्या ओळीत मॉड्यूलचे गुण, शेवटी सरासरी. दहापैकी नऊ ओळी दहा सेकंदांत पुढे जातात. मग एखादी ओळ थांबते. तीन मॉड्यूल उत्तम, एकात ३७. इथे नियम कामाला येतात. काही विद्यापीठांत बाकीची सरासरी चांगली असेल तर थोडक्यात हुकलेल्या मॉड्यूलची भरपाई धरतात. आपल्या ग्रेस मार्कांचा चुलत भाऊ म्हणा. पण गुण ३७ चे ४० होत नाहीत, तक्त्यावर ३७च राहतात, फक्त क्रेडिट, म्हणजे तो विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, मिळतं. भरपाई बसत नसेल तर पुन्हा परीक्षा, आणि तीत कितीही पडले तरी गुण बहुधा पासच्या आकड्यावरच थांबवले जातात: पदवीला ४०, मास्टर्सला ५०.

पदवीचा वर्ग ठरवायचं सूत्र तर प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं. हे फार थोड्या मुलांना माहीत असतं. तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट, म्हणजे वर्षाला १२०. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण वर्गासाठी धरत नाहीत, फक्त पास व्हायचं. उरलेल्या दोन वर्षांचं वजन वेगवेगळं. एक मुलगी घ्या, दुसऱ्या वर्षी सरासरी ६४, तिसऱ्या वर्षी ७२. दोन्ही वर्षांना सारखं वजन असेल तर ६८, सेकंड क्लास. वजन ४० आणि ६० असेल तर ६८.८, तरीही सेकंड. २५ आणि ७५ असेल तर बरोबर ७०, फर्स्ट क्लास. तीच मुलगी, तीच उत्तरं. शिवाय सीमारेषेचे नियम वेगळे: कुठे ६९.५ च्या पुढे ७० धरतात, कुठे एक-दोन गुणांच्या पट्ट्यात असेल आणि निम्म्याहून जास्त क्रेडिट वरच्या वर्गात असतील तर वर उचलतात. माझ्या मते ब्रिटिश पदवीतली ही सगळ्यात कमकुवत वीट आहे. एक्स्टर्नल निबंधांची तुलना करू शकतो, पण सूत्र त्याच्या हातात नसतं. इंग्लंडमध्ये २०१०-११ साली शंभरातल्या साधारण सोळांना फर्स्ट मिळायचा, २०२०-२१ मध्ये सदतिसांना. मधल्या काळात मुलं जास्त अभ्यास करू लागली, शिकवणं सुधारलं, करोनाच्या दोन वर्षांत खास सवलती होत्या, हे सगळं खरं. पण सूत्रं सैल झाली हेही एक कारण मानलं जातं आणि त्यावर तिथे बरीच वादावादी झाली. आता विद्यापीठांनी आपलं सूत्र उघड सांगावं अशी अपेक्षा आहे, आणि ते संकेतस्थळावर सापडतं. प्रवेश घेतानाच ते वाचावं.

भाच्याचं गणित असं होतं. १८० क्रेडिटांपैकी १२० वर्गातल्या मॉड्यूलचे, त्यांची सरासरी ६९.५. डिझर्टेशन ६० क्रेडिटचं, ६८. एकूण बरोबर ६९. त्याच्या विद्यापीठाचा नियम होता की ६९ ते ७० च्या मधे असलेल्याला डिझर्टेशन सत्तरच्या वर असेल तरच उचलायचं. बोर्डानं तो नियम लावला. बोर्डाला दयामाया नाही असं त्याला वाटलं. पण पूर्वी बोर्डं चर्चा करून उचलायची तेव्हा काय व्हायचं? 'ही मुलगी फार मेहनती आहे', 'हा माझ्याकडे नेहमी यायचा' अशी वाक्यं यायची. आणि कुणाची बाजू मांडली जायची? ज्याला प्राध्यापक ओळखतात त्याची. बुजरा, मागे बसणारा, इंग्रजी बोलायला बिचकणारा मुलगा त्यात मागे पडायचा. क्रमांकावर नियम लावण्यात कोरडेपणा आहे, पण आपल्या मुलांना त्या कोरडेपणानंच वाचवलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. बोर्डासमोर फक्त आकडा असतो. मुलाचे बाबा कोल्हापूरला आयसीयूत होते, मुलीला घरमालकानं महिन्याच्या मध्यावर बाहेर काढलं, कुणाला झोप लागत नव्हती, यातलं बोर्डाला काही दिसत नाही. ते सांगायची वेगळी खिडकी आहे. अडचणीच्या परिस्थितीचा अर्ज म्हणतात. तो एक छोटी समिती गुप्तपणे वाचते आणि बोर्डाला फक्त एवढंच कळवते की या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचं कारण मान्य. तपशील तिथेच राहतो. मग बोर्ड त्याला पहिलीच संधी धरून पुन्हा परीक्षा देऊ देतं, गुण पासच्या आकड्यावर न अडवता. किंवा मुदत वाढवून मिळते. बहुतेक ठिकाणी आजारी आहेस म्हणून गुण वाढवून देत नाहीत. पण दार उघडं ठेवतात.

आणि आपली मुलं हा अर्ज करत नाहीत. घरचं दुखणं चारचौघांत कशाला, अशा वळणात आपण वाढलो. व्हिसावर काही परिणाम होईल अशी भीती असते. 'रडका वाटेन' असंही वाटतं. मी शिकवते तिथे एका मराठी मुलीचे गुण एकदम खाली आले. बोर्ड होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं की तिची आजी वारली होती आणि आईची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात होती. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बैठकीत मी होते, तिची ओळ दहा सेकंदांत पुढे गेली होती. मला ती ओळ अजून आठवते. तुमच्या घरातलं कुणी तिकडे शिकत असेल तर एवढं एक सांगा: त्रास झाला की लगेच लिहायचं, परीक्षेआधी जमलं तर आधी, नाहीतर मुदतीत, डॉक्टरांचा कागद जोडून. बोर्ड होऊन गेल्यावर तेच कारण मान्य होणं फार अवघड असतं, कारण पहिला प्रश्न येतो, 'तेव्हा का नाही सांगितलं?'

निकालानंतर अपील करता येतं, पण कशावर? बोर्डानं स्वतःचाच नियम चुकीचा लावला, बेरीज चुकली, मार्किंगची ठरलेली पद्धत पाळली नाही, किंवा वेळेत सांगणं शक्यच नव्हतं असं काही घडलं, यावर. 'माझं काम ७० च्या लायकीचं आहे' यावर नाही. परीक्षकाच्या विद्याविषयक निर्णयाला आव्हान देता येत नाही, हे तत्त्व तिथे पक्कं आहे. मुदत थोडी असते, बहुधा दोन ते चार आठवडे. विद्यापीठाचं अंतिम पत्र हातात आलं की इंग्लंड आणि वेल्समधले विद्यार्थी ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अॅड्जुडिकेटर या तटस्थ संस्थेकडे बारा महिन्यांच्या आत तक्रार करू शकतात. तिथे पैसे लागत नाहीत. पण तेही गुण बदलत नाहीत, प्रक्रिया पाहतात. आपल्याकडे चित्र थोडं निराळं आहे. पुनर्मूल्यांकन मिळावं हा विद्यार्थ्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या बारावी बोर्डाच्याच प्रकरणात १९८४ मध्ये म्हटलं. तरी आपली विद्यापीठं ती सोय देतात, आणि २०११ च्या निकालानंतर माहितीच्या अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते.

एक्स्टर्नलच्या शब्दाला वजन किती, असंही भाच्यानं विचारलं. वर्षाच्या शेवटी मी लेखी अहवाल देते. त्यात तीन गोष्टी सांगायच्या: इथला दर्जा पदव्यांसाठी ठरलेल्या राष्ट्रीय चौकटीला धरून आहे का, इतर विद्यापीठांच्या तोडीचा आहे का, आणि गुण देण्याची पद्धत नीट, सगळ्यांना सारखी राबवली गेली का. विद्यापीठानं त्याला लेखी उत्तर द्यायचं असतं. फारच गंभीर काही दिसलं तर थेट कुलगुरूंना गोपनीय पत्र लिहिता येतं, आणि तिथेही दाद लागली नाही तर बाहेरच्या नियामकाकडे जाता येतं. पण मी सही केली नाही म्हणून निकाल थांबेलच असं आता राहिलेलं नाही. २०२३ मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेनं एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मार्किंगवर बहिष्कार टाकला, तेव्हा हजारो मुलांचे पेपर तपासलेच गेले नाहीत. काही विद्यापीठांनी आपत्कालीन नियम काढून उपलब्ध गुणांवर बोर्डं उरकली, काहींनी निकाल लांबवले. परदेशी मुलांची पंचाईत वेगळी होती. कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठानं कळवल्याशिवाय पुढचा वर्क व्हिसा अडतो. काटा तपासणारी माणसं नुसती असून भागत नाही, तोलणारे हातही लागतात, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसलं.

हे सगळं महाराष्ट्रात वाचणाऱ्याला दूरचं वाटेल, पण तसं नाही. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजं झपाट्यानं वाढतायत. तिथे शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे आता एकाच कॉलेजातले असतात. पदवीवर शिक्का मात्र विद्यापीठाचा. म्हणजे १८५७ पासून वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी आपण एकत्र आणल्या. बदल चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मग डरॅमनं १८३२ मध्ये विचारलेला प्रश्न आपल्यापुढेही उभा राहतो. बाहेरचे परीक्षक आपल्याकडेही नेमले जातात. त्यांना संपूर्ण वर्गाची आकडेवारी दिली जाते का, त्यांचा अहवाल लेखी असतो का, तो विद्यार्थ्यांना वाचायला मिळतो का, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळी विचारायला काय हरकत आहे? फी आणि प्लेसमेंट आपण विचारतोच.

ब्रिटनमध्ये तो अहवाल विद्यार्थ्यांना मिळतो, हे भाच्याला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यानं विभागाच्या पानावर शोधून स्वतःच्याच कोर्सचा मागल्या वर्षीचा अहवाल काढला आणि एका परिच्छेदाभोवती लाल रेघ ओढून मला पाठवला. एक्स्टर्नलनं लिहिलं होतं की डिझर्टेशनचे गुण साठच्या घरात गर्दी करतात, चांगलं काम असूनही परीक्षक सत्तरच्या पुढे जायला कचरतात, पूर्ण पट्टी वापरावी. खाली विद्यापीठाचं उत्तर होतं: निकष नव्यानं लिहीत आहोत, येत्या सप्टेंबरात दाखल होणाऱ्या तुकडीपासून लागू होतील. भाच्याची तुकडी त्याच्या आदल्या सप्टेंबरची. "म्हणजे त्यांना दिसलं होतं, मावशी," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्या रात्री मी माझा या वर्षीचा अहवाल पुन्हा उघडला आणि 'पुढे विचार व्हावा' असं जिथे लिहिलं होतं तिथे 'याच वर्षी' असं केलं.